गर्दी मोजणारे पांढरीपांडे

"एक्केचाळीस," कोणीतरी म्हणालं आणि मी थबकलो.

२००३ सालचा ऑक्टोबर होता, शनिवारची दुपार होती, आणि ओहायोमधल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या मेन स्ट्रीटवरून मी एकटाच चाललो होतो. शहराचं नाव सांगत नाही, कारण सांगून तुम्हाला काही बोध होणार नाही. मलाही ऑफर लेटर हातात आल्यावर ते नकाशावर शोधावं लागलं होतं. एका इन्शुरन्स कंपनीत तीन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी म्हणून आलो होतो आणि पुढे पाच वर्षं तिथेच राहिलो. आपल्याकडच्या लोकांचं असंच होतं.

आवाज आला तो बाकावरून. कधीच बंद पडलेल्या एका दागिन्यांच्या दुकानासमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीची पँट, बिनबाह्यांचा स्वेटर, पॉलिश केलेले बूट, आणि उजव्या मुठीत अंगठ्यानं दाबायचं एक स्टीलचं मोजणीयंत्र. ओहायोत भर रस्त्यात कोणी आपल्याला एक्केचाळीस म्हणालं, तर माणसानं न थांबून करावं काय?

"काय एक्केचाळीस?" मी विचारलं.

"तू," ते म्हणाले. मी मराठीत बोललो याचं त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "सकाळपासून या चौकातून पायी गेलेला तू एक्केचाळिसावा माणूस. परत येताना मोजणार नाही. एका माणसाला एकदाच. कुठला तू?"

"पुण्याचा."

"असू दे," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, आणि सरकून मला बाकावर जागा करून दिली.

त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. मी 'पुणेकर' झालो, तो कायमचा. त्यांचं नाव पांढरीपांडे. नागपूरचे, त्यातही इतवारीतले, आणि त्यातही ऐन बाजारातल्या गल्लीतले, हे सगळं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. "इथले लोक मला मिस्टर पी म्हणतात. पूर्ण नाव घ्यायला लागले की सिग्नल हिरव्याचा लाल होतो," ते म्हणाले. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी याच शहराच्या सिटी हॉलमध्ये, ट्रॅफिक इंजिनियर म्हणून काढली होती. सिग्नल, रस्त्यावरचे पट्टे, वळणं, हे त्यांचं खातं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू मी तिथे पोचायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. लेक दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मोठ्या हुद्द्यावर होती आणि दर रविवारी फोनवर "बाबा, जस्ट मूव्ह इन विथ अस" असं बजावायची. काकांचं उत्तर ठरलेलं. "येईन न. इथलं काम आटपलं की येतो."

हे काम कुठलं, ते मात्र आम्हा तिथल्या मराठी मंडळींपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. बाकावर बसून माणसं मोजणं याला काम म्हणायची आमची तयारी नव्हती. आम्ही पडलो आयटीतले, म्हणजे आमच्याही कामाला आमच्या घरचे काम म्हणत नव्हते, पण निदान आम्हाला त्याचा पगार तरी मिळत होता.

मोजणीचे नियम कडक होते. बाबागाडीतलं मूल धरायचं, कारण "ते उद्याचं गिऱ्हाईक आहे". कुत्रं धरायचं नाही. ड्यूटीवरचा पोलीस आणि पोस्टमन धरायचे नाहीत, त्यांना यावंच लागतं. आणि गाडीतून उतरून फुटपाथ ओलांडून थेट दुकानाच्या दारात जो शिरतो, तो अर्धा. "तो चालला नाही न. त्यानं फक्त दार बदललं," काका म्हणायचे. त्यामुळे दिवसाचा आकडा पुष्कळदा साडेत असायचा, आणि तो ते भेटेल त्याला सांगत सुटायचे. एका कोजागिरीला आमच्याकडे दुधाचे ग्लास फिरत असताना ते आत आले आणि कोट काढता काढता म्हणाले, "आज साडेअठ्ठावीस." आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना वाटलं, काका स्वतःचा बीएमआय सांगताहेत. त्या काळजीनं म्हणाल्या, "काका, थोडा कमी करायला हवा." काका तिथेच उभे राहिले. "कमी काऊन? वाढायला पाहिजे," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातातला मसाला दुधाचा ग्लास काढून घेतला, आणि गैरसमज मिटेपर्यंत त्यातलं दूध दुसराच कोणीतरी पिऊन गेला होता.

त्या मेन स्ट्रीटचं एकदा वर्णन करायला हवं. चारपाच मजली विटांच्या सुंदर इमारती, वर दगडात कोरलेली सालं, खाली काचेच्या मोठ्या शोकेसेस, आणि त्या शोकेसेसमध्ये काही नाही. एक डिपार्टमेंट स्टोअर रिकामं. एक थिएटर रिकामं. बँकेचं देवळासारखं खांबांचं दार, तेही बंद. चालू काय, तर एक वकिलाचं ऑफिस, एक विगचं दुकान, एक कॉफीची टपरीवजा जागा, आणि वॉल्टरचं हार्डवेअर. सगळा गाव हायवेच्या एक्झिटपाशी जाऊन बसला होता. मॉल तिथे, सिनेमा तिथे, फुटबॉलच्या मैदानाएवढी दुकानं तिथे. माझं अपार्टमेंटही तिथेच, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. दूध, टायर आणि मोजे एका छपराखाली मिळत असतील तर पुण्याचा माणूसही दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचा हट्ट सोडून देईल.

काका त्या भागाला 'हायवेवरचं' एवढंच म्हणायचे. आणि हायवेवरचं ते काहीही घेत नसत. त्यांची सगळी खरेदी डाऊनटाऊनमध्ये, म्हणजे पर्यायानं वॉल्टरकडे. वॉल्टर साठीचा होता, दुकान त्याच्या आजोबांनी काढलेलं. काका रोज तिथे जायचे आणि चार स्क्रू घ्यायचे. पाकीट घ्यायचे नाहीत. पाकिटात शंभर असतात, ते दोन महिने पुरतात, मग दोन महिने जायचं कशाला? वॉल्टर चार स्क्रू मोजून कागदी पिशवीत घालायचा, वर पिशवीचं तोंड दुमडून द्यायचा, आणि दोघं हवेविषयी बोलायचे. काकांच्या घरी कुठली वस्तू सैल नव्हती. दारं, कपाटं, खुर्च्या, सगळ्यांत गरजेपेक्षा दुप्पट स्क्रू. माझी बायको मेधा एकदा त्यांच्याकडे जेवायला गेली आणि परत येताना म्हणाली, "त्यांच्याकडे भूकंप झाला तर घर उचलून दुसरीकडे जाईल, पण मोडणार नाही."

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नसे. या मेन स्ट्रीटवर ज्यांचा इतका जीव, ते त्या रस्त्यावरून गाडी कधी चालवत नसत. त्यांची एक जुनी, मोठी व्हॅन होती. एकदा माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून ते मला घरी सोडायला निघाले, तर मेन स्ट्रीट टाळून तीन गल्ल्यांचा वळसा घातला. मी म्हटलं, "काका, सरळ जा की. हा रस्ता तर एकदम मोकळा आहे."

"म्हणूनच नाही जाऊन राहिलो," ते म्हणाले.

आता मेन स्ट्रीट वनवे होता, पूर्वेकडे जाणारा. पश्चिमेकडे जायला शेजारचा सेकंड स्ट्रीट. आणि सिग्नल असे लावलेले, की ठराविक वेगानं गेलात तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे हिरवे मिळत जायचे. मी रोज ऑफिसला तसाच जायचो. कुठं ब्रेक म्हणून लावायला नको. त्या दिवशी व्हॅनमध्ये मी त्याची तोंडभरून स्तुती केली. म्हटलं, "ज्यानं कोणी हे डिझाइन केलं असेल ना काका, मानलं पाहिजे त्याला. काय डोकं आहे यार."

काकांनी व्हॅन पुढच्या गल्लीत वळवली. मला सोडताना चहाला वर या म्हटलं तर नको म्हणाले. नागपूरचा माणूस चहाला नको म्हणतो म्हणजे त्याला बरं नसणार, एवढाच निष्कर्ष मी काढला. ट्रॅफिक इंजिनियर म्हणून पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाशी आपण बोलतो आहोत, हे माझ्या त्या भारी डोक्यात आलं नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी आली. मुलांकडे अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिला आठवडा मॉल. दुसरा आठवडा धबधबा. तिसऱ्या आठवड्यापासून मुलगा-सून आठ वाजता ऑफिसला जातात आणि म्हातारी माणसं खिडकीत बसतात. आमच्या खिडकीतून हायवेचा रॅम्प दिसायचा. दुकानं समोर, पण मध्ये सहा लेनचा रस्ता आणि फुटपाथच नाही. "छान आहे रे सगळं," आई म्हणायची. ती इंग्रजीची शिक्षिका होती, तीस वर्षं पुण्यात सायकलवर फिरलेली. चौथ्या आठवड्यात तिनं माझ्या गंजीफ्रॉकना इस्त्री केली. मी ते पाहिलं, आणि गंजीफ्रॉक घालून ऑफिसला गेलो.

काकांनी मात्र तिला एकदाच पाहिलं, देवळात, आणि मला बाजूला घेतलं. "पुणेकर, आईला गाडी येते?"

"नाही हो. कशी येणार?"

"मंगळवारी दहाला येतो. तयार राहायला सांग. चालायचे बूट घालायला सांग."

मंगळवारी दहाला व्हॅन आली. आत आधीच सहाजण होते. आमच्या ओळखीच्याच घरांतले आईवडील, सगळे सहा महिन्यांचे पाहुणे. नऊवारीवर स्पोर्ट्स शूज आणि सुनेचं हिवाळी जाकीट, अशा एक आजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. काका त्या सगळ्यांना दर मंगळवारी मेन स्ट्रीटच्या टोकाला उतरवायचे आणि दोन तास फिरवायचे. नियम तीन. दोघादोघांनी चालायचं, प्रत्येक शोकेसमध्ये डोकावायचं, मग ती रिकामी का असेना, आणि कुठेतरी काहीतरी विकत घ्यायचं. विगच्या दुकानात आमच्या आजी मंडळींनी एकेक विग डोक्यावर चढवून आरशात पाहिला असेल. घेतला एकीनंही नाही, पण दुकानाच्या मालकिणीला त्यांचा इतका लळा लागला, की मंगळवारी ती दार उघडून वाट बघायची.

मी काकांना म्हटलं, "आता तुमचा आकडा वाढत असेल की."

"छे. मी आणलेली माणसं धरत नाही," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "मग तो सर्व्हे कसला? ती तर लबाडी झाली."

एकदा ही मंडळी बंद बँकेच्या पायऱ्यांवर बसून चिवडा खात असताना पोलिसाची गाडी येऊन थांबली. सातआठ वयस्कर परदेशी माणसं भर दिवसा फुटपाथवर बसलेली आहेत, असा कोणीतरी फोन केला होता. पोलीस कोवळा पोरगा होता. त्यानं अदबीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना, तुम्हाला काही मदत हवी आहे का. काका उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "ऑफिसर, धिस इज द पब्लिक." पोलिसाला काही कळलं नाही. माझ्या आईनं त्याच्या हातावर चिवडा ठेवला, तो त्यानं हातमोजा काढून खाल्ला, आणि गेला. "त्याचा काय दोष," काका नंतर म्हणाले. "त्या पोरानं या रस्त्यावर पब्लिक कधी पाहिलंच नाही. ओळखणार कसं?"

आईत फरक पडला. ती संध्याकाळी बोलायला लागली. वॉल्टरच्या दुकानातून तिनं एक पक्कड आणली, कारण तिला तव्यासाठी सांडशी हवी होती आणि वॉल्टरनं विचार करून तीच दिली. आणि बातम्या आणायची. अशीच एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या वॉल्टरच्या आईनं कुसुमताईंना इंग्रजी शिकवलं, माहितीये? गल्ल्याच्या मागं स्टूल ठेवलं होतं त्यांच्यासाठी. रोज दुपारी दोनला चालत यायच्या. आधी कापडाचं दुकान, मग बेकरी, मग चपलांवाला, मग वॉल्टर. सगळ्यांशी गप्पा. चार वाजता घरी."

"काका काही बोलले नाहीत कधी."

"ते कशाला बोलतील. वॉल्टर सांगत होता. त्यांना गाडी येत नव्हती रे. मग दुकानं बंद होत गेली. शेवटी शेवटी नुसत्या वॉल्टरपर्यंत यायच्या आणि परत जायच्या. आणि पुढं गुडघे गेले, ते तेही बंद." आईनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "वीसेक वर्षं घरात बसून काढली बाईनं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे पाहिलं. मला त्या गंजीफ्रॉकची आठवण झाली आणि त्या रात्री मी खाली मान घालून जेवलो.

आई सप्टेंबरअखेर परत गेली. पुढच्या जूनमध्ये काकांचा ऑफिसात फोन आला. त्यांनी मला ऑफिसात कधी फोन केला नव्हता.

"पुणेकर, गुरुवारी संध्याकाळी सहाला मला सिटी हॉलमध्ये नेशील? पब्लिक हिअरिंग आहे. मी स्वतः जाऊ शकतो, पण येताना हात थरथरतील."

प्रकरण असं होतं. सिटीनं एक कन्सल्टंट नेमला होता. त्याचं म्हणणं, मेन स्ट्रीट पुन्हा दुतर्फा करा, गाड्यांचा वेग कमी करा, दोन्ही बाजूंना पार्किंग द्या, म्हणजे दुकानं परत येतील. दुसरा एक प्रस्ताव होता, की आता उरलंय काय, उत्तरेकडची ओळ पाडून टाका आणि पार्किंग लॉट करा. त्या ओळीत वॉल्टरचं दुकान होतं. नगरसेवक सातजण, आणि मतदान त्याच संध्याकाळी. ज्याला बोलायचं असेल त्यानं तीन मिनिटं बोलावं.

काका कोट-टाय घालून आले होते. सभागृहात तीसचाळीस माणसं. कन्सल्टंट तरुण होता, स्लाइड्स दाखवत होता. सत्तरच्या दशकात हा रस्ता वनवे केला, तेव्हापासून घसरण सुरू झाली, असं त्यानं आलेख काढून सांगितलं. "तेव्हाच्या स्टाफनं काय विचार केला होता, देव जाणे," तो हसून म्हणाला, आणि लोकही हसले. माझ्या शेजारी काका हसले नाहीत. त्यांनी टायची गाठ चाचपली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि व्हॅनमधलं माझं ते भाषण आठवून मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

लोक बोलायला लागले. एक बाई म्हणाल्या, रस्ता दुतर्फा केला तर मला कामावर जायला उशीर होईल. एकजण म्हणाला, डाऊनटाऊन मेलेलंच आहे, मढ्याला रंग कशाला लावता. वॉल्टर उठला, दोन वाक्यं बोलून घाम पुसत बसला. मग काकांचं नाव पुकारलं, म्हणजे पुकारायचा प्रयत्न झाला, आणि ते अर्ध्यातच उठून माइकपाशी गेले.

खिशातून कागद काढला, तो उघडला नाही. इंग्रजीत बोलले, सावकाश, नागपुरी वळणाचं इंग्रजी.

"तो स्टाफ मी होतो," ते म्हणाले.

कोपऱ्यात सगळं लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर करून पाहिलं.

"मी जिथून आलो, तिथं आमच्या गल्लीत एक बैलगाडी शिरली की सगळं जग थांबायचं. माझ्या आईला बाजारातून कोथिंबीर आणायला अर्धा तास लागायचा. लहानपणापासून मला वाटायचं की गर्दी हा रोग आहे. तो बरा करायचा म्हणून मी इंजिनियर झालो. इथं आलो तर तुमच्या मेन स्ट्रीटवर शनिवारी गर्दी. लोक रस्त्यात उभे राहून बोलताहेत, गाड्या खोळंबल्यात. मला वाटलं, सापडला रोग. मी रस्ता एकतर्फी केला, एका बाजूचं पार्किंग काढलं, सिग्नल एका माळेत ओवले. पूर्वी हा रस्ता पार करायला साडेसहा मिनिटं लागायची. मी ती अडीचवर आणली. मला बढती मिळाली, एक पितळी पाटी मिळाली. तुम्हाला प्रत्येकी चार मिनिटं मिळाली." त्यांनी कागद परत खिशात ठेवला. "धडधाकट माणसाचं ऑपरेशन केलं मी. गर्दी हा रोग नव्हता. गर्दी म्हणजेच तो रस्ता होता."

तीन मिनिटांची घंटा वाजली. अध्यक्ष बाईंनी हातानंच, बोला, अशी खूण केली.

"या बाईंना उशीर होईल म्हणाल्या. होईल. चार मिनिटं उशीर होईल, मी गणित करून पाहिलंय. पण ती चार मिनिटं मुळात त्यांची नव्हती. चालणाऱ्या माणसांची काढून घेऊन मी ती गाडीवाल्यांना दिली होती. मला ती परत करायची आहेत. मी आता पंच्याहत्तर वर्षांचा आहे. तुम्ही हो म्हणालात तर नवा आराखडा मी फुकट तपासून देईन. आणि नाही म्हणालात, तरी निदान चूक कोणाची होती, हे तुमच्या दप्तरात नावानिशी राहू दे." मग त्यांनी आपलं पूर्ण नाव, सगळी अक्षरं एकेक करून, त्या लिहून घेणाऱ्या मुलीला सांगितलं.

प्रस्ताव पास झाला. पाच विरुद्ध दोन, एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून. लोक काकांचा हात हातात घेऊन बोलत होते. तो तरुण कन्सल्टंट कानापर्यंत लाल होऊन माफी मागायला आला, तर काकांनी त्याच्या स्लाइडमधली एक चूक त्याला दाखवली. वॉल्टर नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मला आपल्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता, की मी दोघातिघांना उगाचच सांगितलं, मी यांना ओळखतो.

बाहेर आलो तर आठ वाजले होते आणि अजून लख्ख उजेड होता. गाडी दोन चौक पलीकडे होती. आम्ही मेन स्ट्रीटवरून चालत निघालो. मला वाटलं होतं काका खूष असतील, पण ते प्रत्येक शोकेसमध्ये डोकावत चालले होते.

"काका, जिंकलात की तुम्ही. आता तरी हसा," मी म्हटलं.

"पुणेकर, मी सगळं बोललो असं वाटून राहिलं का तुला?"

"सगळंच बोललात. एवढं कोण बोलतं?"

"नाही बोललो." ते एका रिकाम्या शोकेसपाशी थांबले. आत जुन्या कापडाच्या दुकानाची लाकडी मोजपट्टी काउंटरला ठोकलेली तशीच दिसत होती. "कुसुम मला संध्याकाळी सांगायची. आज बेकरी गेली. आज चपलांवाला गेला. आज ही कापडवाली रडत होती हो, म्हणे. आणि विचारायची, काऊन बंद होऊन राहिली सगळी? तुम्ही तर सिटीच्या ऑफिसात असता, तुम्हाला माहीत असेल."

"मग?"

"मी म्हणायचो, मंदी आहे."

रस्त्यावरून एक गाडी गेली. काकांनी चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"वीस वर्षं मी तिला मंदी सांगितली, पुणेकर. ती आत घरात बसून राहिली आणि मी तिला मंदी सांगत राहिलो. आणि तिनं एकदाही म्हटलं नाही, की अहो, एवढी कशी लांबली ही मंदी. उलट मलाच म्हणायची, तुमची नोकरी टिकली हे देवाचे उपकार." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आज त्या हॉलमध्ये तीस लोकांना सांगितलं. जिला सांगायचं होतं, ती तर ऐकायला नाही न."

मी त्यांचा हात धरला. तो गाडीपर्यंत सोडला नाही.